नाटकाचा प्रयोग शूट करायचा आहे, कॅमेरा कोणता घ्यावा?

प्रश्न थोडक्यात असा: हौशी नाट्यसंस्था आहे, वर्षाला दोन-तीन एकांकिका आणि एखादं दोन अंकी नाटक होतं. प्रयोगाचं नीट रेकॉर्डिंग हवं, शिवाय त्याच कॅमेऱ्यावर जाहिरातीपुरते फोटो निघायला हवेत. आजवर मोबाइलवर शूट केलं. चेहरे पांढरेफटक येतात, आवाज विहिरीतून आल्यासारखा घुमतो आणि प्रवेश ऐन रंगात आला की रेकॉर्डिंग बंद पडतं. हाताशी नव्वद हजार आहेत. कोणता कॅमेरा घ्यावा?

या तिन्ही तक्रारींचं मूळ कॅमेऱ्याच्या किमतीत नाही. चेहरे पांढरे पडतात ते ऑटो एक्स्पोजरमुळे (किती उजेड घ्यायचा हे कॅमेराच ठरवतो म्हणून), आवाज घुमतो तो माइक लांब असल्यामुळे, आणि रेकॉर्डिंग थांबतं ते उष्णता, बॅटरी किंवा जागा संपल्यामुळे. दीड लाखाचा कॅमेरा ऑटोवर टाकून हॉलच्या मागच्या भिंतीला लावला, तरी हेच तीन दोष येतील, फक्त जास्त स्पष्ट दिसतील. म्हणून बॉडी (लेन्सशिवायचा नुसता कॅमेरा) आणि लेन्स मिळून साठ-पासष्ट हजारांच्या वर जाऊ नका. त्यासाठी बॉडी वापरलेली घ्यावी लागली तरी चालेल. उरलेले पैसे ट्रायपॉड, आवाजाचा रेकॉर्डर, कार्ड आणि जादा बॅटऱ्यांसाठी राखून ठेवा.

दुकानात जाण्याआधी हॉल मोजा. मोजपट्टी नसेल तर पावलांनी मोजा, पण मोजा. दोन अंतरं लागतात: रंगमंचाची दर्शनी रुंदी, म्हणजे पडदा उघडल्यावर दिसते तेवढी, आणि जिथे ट्रायपॉड लावायला देतात तिथपासून रंगमंचापर्यंतचं अंतर. मग साधा हिशोब: अंतराला सेन्सरच्या, म्हणजे कॅमेऱ्यातल्या उजेड टिपणाऱ्या चिपच्या, रुंदीने गुणा आणि चित्रात जेवढी रुंदी हवी तिने भागा. जे उत्तर येईल ती लेन्सची फोकल लेंग्थ, आकडा जितका मोठा तितकं दृश्य जवळ येतं. एपीएस-सी सेन्सर (खाली सांगितलेल्या कॅमेऱ्यांत हाच आकार असतो) साधारण २३.५ मिलिमीटर रुंद असतो, कॅननचा थोडा लहान, २२.३. समजा अंतर १५ मीटर आहे आणि दर्शनी रुंदी १० मीटर. १५ गुणिले २३.५ भागिले १०, म्हणजे ३५ मिलिमीटर. अख्खा रंगमंच एवढ्यातच मावतो. अठरा मिलिमीटरची वाइड लेन्स इथे निम्म्याहून जास्त काळोख आणि पुढच्या रांगांतली डोकी दाखवेल.

खरी गरज दुसऱ्या टोकाची असते. व्हिडिओची चौकट १६ः९ असल्यामुळे सेन्सरच्या उंचीतले साधारण १३.२ मिलिमीटरच वापरले जातात. त्याच १५ मीटरवरून एक पात्र डोक्यापासून पायापर्यंत, थोडी मोकळी जागा धरून २.२ मीटर उंचीत बसवायचं तर ९० मिलिमीटर लागतात. कमरेपासून वर, म्हणजे चेहऱ्यावरचा भाव वाचता येईल इतकं जवळ यायचं तर २२० लागतात. कॅमेऱ्यासोबत मिळणारी १६-५० किंवा १८-४५ ची लेन्स इथे पूर्ण तोकडी पडते. नाटकाच्या शूटिंगचं हेच पहिलं मोठं फसणं: पैसे बॉडीत जातात आणि लेन्स सोबत आलेलीच राहते.

आता २२० ची, जास्त उजेड घेणारी लेन्स महाग असते. त्यावर एक चांगला उपाय आहे. शूट ४के मध्ये करा आणि अंतिम व्हिडिओ फुल एचडीत काढा. ४के ची रुंदी ३८४० पिक्सेल, फुल एचडीची १९२०. म्हणजे एडिटिंगमध्ये चित्र दुप्पट मोठं करूनही तपशील टिकतो. १०५ मिलिमीटरची लेन्स मग २१० सारखी वागते. १०५ च्या लेन्सवर काम भागतं ते असं. एकटा माणूस शूट करत असेल तर याच युक्तीने एका कॅमेऱ्यातून दोन शॉट निघतात: मूळ चौकट आणि तिच्यातूनच कापलेला जवळचा शॉट.

लेन्स निवडताना दुसरा आकडा म्हणजे एफ: तो जितका लहान तितका लेन्समधून उजेड जास्त येतो. बऱ्याच स्वस्त झूम लेन्स वाइडला एफ/३.५ आणि टेलीला, म्हणजे पूर्ण झूम केल्यावर, एफ/६.३ असतात. एफ/४ वरून एफ/६.३ ला गेलात की उजेड अडीच पटीने कमी होतो. जे आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) १६०० वर मिळत होतं त्याला ४००० लागतात, आणि काळ्या पडद्यावर दाणे वळवळताना दिसतात. त्याहून वाईट म्हणजे चालू शॉटमध्ये झूम केलं की चित्र हळूहळू अंधारत जातं आणि पाहणाऱ्याला वाटतं की प्रकाशयोजनाच बदलली. अशी लेन्स असेल तर सुरुवातीपासून एफ/६.३ ठेवा, म्हणजे झूम करताना उजेड हलणार नाही. पण शक्य असेल तर सगळीकडे एकच एफ ठेवणारी झूम घ्या. सोनीची १८-१०५ एफ/४ या कामाला फार सोयीची: चारशे सव्वाचारशे ग्रॅम वजन, झूमला बटण, त्यामुळे झूम झटके न घेता सरकतो. कॅननची आरएफ-एस १८-१५० आणि निकॉनची झेड डीएक्स १८-१४० यांचा पल्ला जास्त आहे, पण दोन्ही टेलीला एफ/६.३ होतात.

बॉडीबद्दल आता. सोनी झेडव्ही-ई१०, कॅनन आर५० आणि निकॉन झेड३० या तिघांपैकी कोणताही नाटकाला पुरेसा आहे. फरक वेगळ्याच ठिकाणी आहेत. झेडव्ही-ई१० ला हेडफोनचं छिद्र आहे, बाकी दोघांना नाही. रेकॉर्ड होणारा आवाज प्रयोग चालू असताना ऐकता येणं ही मोठी गोष्ट आहे. ४के मध्ये सेकंदाला २५ फ्रेमवर हा कॅमेरा सेन्सरची पूर्ण रुंदी वापरतो, ३० फ्रेमवर मात्र १.२३ पटीने कापतो. आपल्याला २५ च हव्या आहेत, कारण पुढे सांगतो. उणीव अशी की याला डोळा लावून पाहायचं व्ह्यूफाइंडर नाही आणि बॉडीत स्थिरीकरण नाही. ट्रायपॉडवर दोन्हींची उणीव भासत नाही, सहलीला मात्र भासेल. आर५० ला व्ह्यूफाइंडर आहे, फोटोसाठी हातात छान बसतो, पण एका वेळचं सलग रेकॉर्डिंग तासाभरात थांबतं. झेड३० फुल एचडीत सलग १२५ मिनिटांपर्यंत जातो, ४के मध्ये तापून त्याच्या बराच आधी थांबू शकतो.

माझं मत विचारलंत तर तुमच्या कामाला वापरलेला झेडव्ही-ई१० आणि १८-१०५ लेन्स. फोटो जास्त आणि रेकॉर्डिंग एकांकिकांपुरतं असेल तर आर५०. कॅनन २००डी मार्क टू स्वस्तात खूप मिळतो, पण ४के मध्ये तो चित्र जबर कापतो आणि कॅननचा चांगला ऑटोफोकस तिथे चालत नाही. त्यावर फुल एचडीतच शूट करायचं असेल तरच घ्या.

हॅन्डीकॅमला लोक आता हसतात, पण फक्त रेकॉर्डिंगच करायचं असेल आणि फोटोचा प्रश्न मोबाइलवर सुटत असेल, तर सोनीच्या एएक्स५३ सारखा वीसपट ऑप्टिकल झूमचा हॅन्डीकॅम वाईट नाही. तापत नाही, झूम मऊ असतो. सेन्सर लहान असल्याने अंधाऱ्या प्रवेशात मात्र तो हरतो. मोबाइलबद्दल एक गोष्ट माहीत असावी: टेली लेन्स निवडली तरी उजेड कमी असेल तेव्हा बरेच फोन गुपचूप मुख्य लेन्सवर जातात आणि तेच चित्र कापून मोठं करतात. म्हणून अंधारात झूम केलेला व्हिडिओ मेण लावल्यासारखा दिसतो. मोबाइल टाकून देऊ नका, त्याला दुसरं काम आहे. तो वाइडवर, लॉक करून, अख्खा रंगमंच धरून ठेवेल. मुख्य कॅमेरा हलला, चुकला, थांबला, तर एडिटिंगमध्ये त्याच्यावर जाता येतं.

सलग रेकॉर्डिंगचा हिशोब प्रयोगाआधी कागदावर मांडा. पूर्वी बहुतेक फोटो कॅमेरे २९ मिनिटं ५९ सेकंदांवर थांबायचे, कारण युरोपात अर्ध्या तासाहून जास्त रेकॉर्ड करणारं यंत्र व्हिडिओ कॅमेरा धरलं जाई आणि त्यावर जादा आयात कर लागे. जुना कॅमेरा घेत असाल तर ही मर्यादा आधी तपासा. एकांकिका पाऊण ते एक तासाची, दोन अंकी नाटकाचा एकेक अंक तास-सव्वा तासाचा. मध्यंतरात बॅटरी आणि कार्ड बदलता येतं, म्हणजे एकेक अंक विनाखंड गेला पाहिजे एवढीच खरी अट. झेडव्ही-ई१० मध्ये ‘ऑटो पॉवर ऑफ टेम्परेचर’ नावाची सेटिंग ‘हाय’ वर ठेवा, नाहीतर तो थोडा गरम होताच बंद होतो. स्क्रीन उघडून बॉडीपासून लांब ठेवा, मागची बाजू मोकळी राहते आणि उष्णता बाहेर पडते. यूएसबी-सीमधून वीज घेत चालणारा कॅमेरा असेल तर पॉवर बँक लावा. आर५० ला त्यासाठी पीडी (पॉवर डिलिव्हरी) प्रकारची पॉवर बँक लागते, साधी चालत नाही.

सेकंदाला १०० मेगाबिटच्या ४के रेकॉर्डिंगला तासाला ४५ जीबी जागा लागते. अडीच तासांच्या नाटकाला ११२ च्या आसपास. १२८ चं एक कार्ड जेमतेम पुरतं, म्हणून प्रत्येक अंकाला एक अशी दोन घ्या. कार्डावर व्ही३० असं छापलेलं असावं. त्याचा अर्थ सेकंदाला किमान ३० एमबी लिहिण्याची हमी, आणि आपल्याला साडेबाराच लागतात. बाजारात खोटी कार्डं भरपूर आहेत: वर १२८ लिहिलेलं, आत ३२. ती भरेपर्यंत नीट चालतात आणि मग जुन्या फाइलवरच लिहीत जातात. नवं कार्ड आणल्यावर कॉम्प्युटरवर एचटूटेस्टडब्ल्यू नावाच्या मोफत प्रोग्रॅमने ते काठोकाठ भरून तपासा. वेळ लागतो, पण प्रयोग गमावण्यापेक्षा बरं.

आवाजावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवायला सांगेन. चित्र थोडं मऊ असेल तर प्रेक्षक पाहतो. संवाद कळला नाही तर दोन मिनिटांत बंद करतो. कॅमेऱ्यावरचा माइक कितीही भारी लावला तरी तो नटापासून १५ मीटर लांब आहे. माइकचं अंतर दुप्पट झालं की नटाचा थेट आवाज सहा डेसिबलने घटतो, पण हॉलभर भरलेला पंख्यांचा, खोकल्याचा आणि भिंतींवरून परतलेला आवाज जवळपास तेवढाच राहतो. घुमणं म्हणतात ते हेच.

म्हणून आवाज दोन ठिकाणांहून घ्या. पहिला साउंडवाल्याच्या मिक्सरमधून. झूम किंवा टॅस्कॅम कंपनीचा छोटा आवाजाचा रेकॉर्डर न्या आणि प्रयोगाच्या दोन तास आधी साउंडवाल्याशी बोला. तिसऱ्या घंटेला नव्हे. त्याला ऑक्स आउट (मिक्सरमधून वेगळा आवाज बाहेर देणारी जोडणी) मागा आणि तो प्री-फेडर ठेवायला सांगा. म्हणजे त्याने हॉलसाठी आवाज कमीजास्त केला तरी तुमच्याकडे तो हलत नाही. मिक्सरमधून येणारा सिग्नल लाइन पातळीचा, म्हणजे माइकपेक्षा खूप जोरकस असतो. तो थेट कॅमेऱ्याच्या माइकच्या छिद्रात घातला की आवाज फाटतो, आणि फाटलेला आवाज कुठल्याही सॉफ्टवेअरने पूर्ववत होत नाही. रेकॉर्डरला ‘लाइन’ निवडा. थेट कॅमेऱ्यातच घालायचा असेल तर सिग्नल दाबणारी अॅटेन्युएटर केबल घ्या. रेकॉर्डर बॅटरीवर चालवा. चार्जरवर ठेवला तर अर्थिंगच्या फरकामुळे पूर्ण प्रयोगभर ‘हुंऽऽ’ असा ५० हर्ट्झचा गुणगुणाट येऊ शकतो.

फक्त मिक्सरवर विसंबू नका, कारण त्यात माइकने पकडलेलं आणि पार्श्वसंगीत एवढंच असतं. रंगमंचाच्या मागच्या कोपऱ्यातला संवाद, प्रेक्षकांचं हसणं, टाळी यातलं काही येत नाही. मिक्सरचा नुसता आवाज ऐकताना नाटक रेडिओवर चाललंय असं वाटतं. दुसरा रेकॉर्डर रंगमंचाच्या पुढच्या कडेला मधोमध ठेवा, खाली दोन-तीन सेंटिमीटर जाड फोमचा तुकडा घालून, नाहीतर लाकडी फळ्यांवरून पावलांचे धप्प आवाज थेट त्यात जातात. लो-कट (खालचे घरघरणारे आवाज कापणारी सोय) ८० हर्ट्झला चालू ठेवा. रेकॉर्डिंग ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटवर. पातळी अशी की सगळ्यात मोठ्याने ओरडलेल्या वाक्यालाही काटा उणे १२ डेसिबलच्या वर जाऊ नये. ती रंगीत तालमीत ठरवा, आणि प्रयोगाच्या दिवशी नट आणखी चढून बोलतात हे धरून अजून थोडी खाली ठेवा. ऑटो लेव्हल बंद. ते चालू राहिलं तर नटाने घेतलेल्या विरामात रेकॉर्डर आवाज वाढवत नेतो, पंखा गरजू लागतो आणि पुढचं वाक्य येताच सगळं दचकून खाली बसतं. विराम हा नाटकाचा भाग आहे, तो शांतच राहिला पाहिजे.

गळ्यात लावायचे वायरलेस माइक दोन पात्रांच्या नाट्यवाचनाला ठीक. आठ-दहा पात्रांच्या नाटकात ते पुरत नाहीत, वेशभूषेच्या कापडाला घासून खरखरतात, आणि स्वस्तातले २.४ गिगाहर्ट्झवर चालत असल्याने पाचशे मोबाइल भरलेल्या हॉलमध्ये त्यांचा पल्ला आखडतो.

आता चेहरे. कॅमेऱ्याचं मोजमाप सगळ्या चौकटीची सरासरी काढतं. काळा पडदा, काळी जमीन आणि मधे एक उजळ चेहरा असं दृश्य समोर आलं की कॅमेरा काळ्याला करडं करायला जातो आणि चेहरा जळतो. म्हणून एक्स्पोजर मॅन्युअल. शटर १/५०, एफ/४, आयएसओ १६०० इथून सुरुवात करा आणि नाटकातल्या सगळ्यात उजळ प्रवेशात चेहऱ्यावर झूम करून बघा. झेब्रा (फार उजळ भागावर पट्टे दाखवणारी सोय) असेल तर ९५ वर ठेवा. कपाळावर किंवा नाकाच्या शेंड्यावर पट्टे दिसले की आयएसओ उतरवा. मग जो आकडा ठरेल तो अख्ख्या प्रयोगाला ठेवा. अंधारा प्रवेश अंधारा दिसू द्या. प्रकाशयोजनाकाराने तो तसा मागितला आहे, त्याला उजळवणं हे तुमचं काम नाही. फार तर दीर्घ मंद प्रवेशात आयएसओ एक पायरी चढवा, पण पूर्ण काळोखातच, चालू प्रकाशात नाही.

शटर १/५० आणि २५ फ्रेम का? आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. तिच्यावरचे साधे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. शटर १/५० किंवा १/१०० असेल तर प्रत्येक फ्रेममध्ये लुकलुकीचे पूर्ण ठोके बसतात. कॅमेरा ३० फ्रेम आणि १/६० वर असेल तर ते बसत नाहीत आणि पडद्यावर काळ्या पट्ट्या सरकतात. परदेशातून आणलेल्या कॅमेऱ्यात मेनूमधला एनटीएससी बदलून पाल करा, २५ फ्रेम तिथे दिसतील. एलईडी पार (रंगमंचावर झोत टाकणाऱ्या) दिव्यांचा लुकलुकण्याचा वेग मात्र विजेशी बांधलेला नसतो. दिवा मंद केला की पट्ट्या येतात, पूर्ण तेजावर जातात. त्याला उपाय म्हणजे शटर थोडं थोडं बदलून पाहणं, आणि तेही रंगीत तालमीतच जमतं.

व्हाइट बॅलन्स (प्रकाशाच्या रंगाची जुळणी) ऑटोवर ठेवलात तर लाल प्रवेशाचा लालपणा कॅमेरा हळूहळू पुसून टाकतो. हॅलोजनचे दिवे असतील तर ३२०० केल्विन, एलईडी मिसळलेले असतील तर ३८०० ते ४००० ला पक्का करा. निळ्या एलईडीत एक वेगळी पंचाईत असते. निळा रंग एकटाच भरून वाहतो आणि चेहऱ्याचा आकारच नाहीसा होतो, नाक-डोळे सपाट निळे. अशा प्रवेशात एक्स्पोजर आणखी एक पायरी खाली, आणि पिक्चर प्रोफाइलमध्ये सॅच्युरेशन कमी. लॉग प्रोफाइलच्या (मुद्दाम फिकट चित्र, ज्याला रंग नंतर द्यायचे) मोहात पडू नका. आठ बिटच्या कॅमेऱ्यात अंधाऱ्या दृश्याचं लॉग रंगवताना पडद्यावर पायऱ्या उमटतात.

फोकसही मॅन्युअल. ऑटोफोकस पुढे चाललेल्या नोकराला पकडतो आणि मागे रडणारी आई धूसर होते. गणित आपल्या बाजूने आहे. ३५ मिलिमीटरला एफ/४ वर, रंगमंचाच्या मध्याला म्हणजे १८ मीटरवर फोकस केला की साडेआठ मीटरपासून थेट मागपर्यंत सगळं स्पष्ट असतं. १०५ ला मात्र १६ ते साडेवीस मीटर एवढीच पट्टी राहते, आणि चित्र कापून मोठं करणार असाल तर ती निम्मीच धरा. म्हणून टेलीला पात्र पुढेमागे सरकलं की फोकस हाताने हलवावा लागतो. सराव तालमीत करा. फोकस पीकिंगचे, म्हणजे स्पष्ट भागाभोवती दिसणारे, रंगीत काठ चालू ठेवा, लाल नको, लाल प्रकाशात दिसत नाहीत. पिवळे ठेवा.

ट्रायपॉडवर फ्लुइड हेड, म्हणजे संथ आणि न अडकता फिरणारं डोकं, हवंच. फोटोचं बॉल हेड पॅन करताना, म्हणजे कॅमेरा आडवा फिरवताना, अडकून सुटतं. बसलेल्यांच्या डोक्यांवरून दिसण्याइतकी उंची, म्हणजे दीड ते पावणेदोन मीटर. येणारे-जाणारे पाय लावतात म्हणून पायांच्या मधे बॅग टांगून वजन द्या. ट्रायपॉडवर लेन्सचं स्थिरीकरण बंद ठेवा, नाहीतर स्थिर चौकट आपोआप तरंगत सरकते. पॅन करण्याआधी पात्र कुठे जाणार हे माहीत असलं पाहिजे. संहिता वाचून आणि एक तालीम पाहून या, मग पात्राच्या मागे धावावं लागत नाही. थांबलेल्या चौकटीपासून निघा, थांबलेल्या चौकटीवर पोचा. काळोख झाला म्हणून रेकॉर्डिंग बंद करू नका. पुढचा प्रवेश कधीकधी काळोखातल्या वाक्यानेच सुरू होतो. शेवटचा पडदा पडल्यावरही सगळा संच पुढे येऊन नमस्कार करेपर्यंत चालू ठेवा.

प्रेक्षागृहात शिरताना: फोकसचा सहायक दिवा बंद, बीप बंद, रेकॉर्डिंगचा लाल दिवा मेनूतून बंद होत नसेल तर त्यावर काळी टेप, स्क्रीनचा उजेड कमीत कमी. फोकसचा तो नारिंगी ठिपका नटाच्या डोळ्यात जातो. फ्लॅश तर अजिबात नाही. त्याने नटाचं लक्ष उडतं आणि प्रकाशयोजनाही सपाट होते.

फोटोंसाठी प्रयोगाची वेळ निवडूच नका. रंगीत तालीम निवडा: वेशभूषा तीच, प्रकाश तोच, आणि तुम्हाला तिसऱ्या-चौथ्या रांगेपर्यंत जाता येतं. पहिल्या रांगेतून रंगमंचाची कड पाय कापते, म्हणून थोडं मागे राहा. रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली), शटर १/२००, एफ/४, आयएसओ ३२००, चेहऱ्यावर स्पॉट मोजमाप. पट्ट्या दिसल्या तर १/१०० ला या आणि पात्र थांबल्याच्या क्षणी बटण दाबा. हातवारा पूर्ण झाला की नट क्षणभर स्थिर होतो. आवाज नको म्हणून इलेक्ट्रॉनिक शटर लावाल तर एलईडीखाली फोटोवर आडव्या पट्ट्या येतील. तालमीत खट्कन आवाज झाला तरी चालतो, मेकॅनिकल शटरच ठेवा. विकत घेताना हेही बघा की एखाद्या मॉडेलला मेकॅनिकल शटर आहे की नाही, कारण मुख्यतः व्हिडिओसाठी काढलेल्या काही नव्या मॉडेल्समध्ये ते नसतंच.

घरी आल्यावर पहिली गोष्ट एडिटिंग नव्हे. कार्डावरचं पूर्ण फोल्डर जसंच्या तसं दोन वेगळ्या डिस्कवर उतरवा आणि दोन्हीकडून शेवटची फाइल चालवून बघा. काही कॅमेरे लांब रेकॉर्डिंगचे चार-चार जीबीचे तुकडे करतात. फक्त मोठ्या दिसणाऱ्या फाइल उचलल्या तर मधला तुकडा सुटतो. तोवर कार्ड फॉरमॅट करायचं नाही.

आवाज जुळवताना एक बारकी गोष्ट फार उपयोगी पडते. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. १५ मीटरवरच्या कॅमेऱ्याच्या माइकला तो ४४ मिलिसेकंद उशिरा पोचतो. २५ फ्रेमच्या व्हिडिओत एक फ्रेम म्हणजे ४० मिलिसेकंद. रंगमंचाजवळच्या रेकॉर्डरचा आवाज कॅमेऱ्यातल्या आवाजाशी तंतोतंत जुळवलात, तर तो ओठांच्या एक फ्रेम मागे पडतो. जुळवून झाल्यावर एक फ्रेम पुढे, म्हणजे आधी सरकवा. ओठ बसतात. दोन यंत्रांची घड्याळं किंचित वेगळी चालत असल्यामुळे तासाभरात एक-दोन फ्रेमचा फरक पडतो. म्हणून सुरुवातीला एक टाळी द्या आणि शेवटी प्रेक्षकांच्या टाळीवर पुन्हा तपासा. मोबाइलचा व्हिडिओ बहुधा बदलत्या फ्रेम वेगाचा असतो आणि एडिटिंगमध्ये मधेच घसरतो. आधी तो हँडब्रेक या प्रोग्रॅममधून स्थिर २५ फ्रेमवर काढून घ्या. यूट्यूबवर टाकण्याआधी नाटककाराची परवानगी आणि वापरलेल्या गाण्यांचे हक्क बघा. स्पर्धेतला प्रयोग असेल तर स्पर्धेचे नियमही.

वापरलेली बॉडी आणि लेन्स घेताना पांढऱ्या भिंतीचा एफ/१६ वर फोटो काढा. सेन्सरवरची धूळ काळ्या ठिपक्यांनी दिसते, तिला घाबरू नका, ती साफ होते. लेन्समधून मोबाइलचा टॉर्च तिरका मारून आरपार बघा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. ती काचेवरचा लेप खाते आणि साफ करूनही डाग राहतो, अशी लेन्स फुकट मिळाली तरी नको. कोकणात, गोव्यात, मुंबईत जून ते सप्टेंबर ही बुरशी तुमच्याही लेन्सला धरू शकते. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, त्यात सिलिका जेल आणि दीडदोनशे रुपयांचं आर्द्रता दाखवणारं छोटं यंत्र ठेवा. काटा ४० ते ५० च्या दरम्यान हवा. जेलचा रंग बदलला की ते ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर तास-दोन तास तापवून परत वापरता येतं. एसी हॉलमधून पावसाळी रात्री बाहेर पडताना कॅमेरा बॅगेतच बंद ठेवा आणि घरी गेल्यावर अर्ध्या तासाने बॅग उघडा. थंड काचेवर दमट हवा लागली की आतून दव धरतं, आणि बुरशीची सुरुवात तिथून होते.